मागाच्या खड्ड्यातली धामण

मित्रहो, आज सकाळी शहापुरात शेजारचे विणकर अण्णा काठी उगारून उभे. मागावर बसून ज्या खड्ड्यात पाय सोडायचे, त्यातच धामण शिरलेली.

मी म्हणालो, "बिनविषारी आहे, राहू द्या."

"पंत, खड्ड्यात पाय माझं असत्यात, तुमचं न्हाईत!"

त्यांची बायको हसली. "सुताला लावलेल्या खळीच्या वासानं उंदरं येऊन सूत कुरतडत्यात. मागावरचं लग्नाचं लुगडं कसं पुरं हुणार? ऱ्हाऊ दे की तिला."

धामण पाळायची म्हणजे पिंजरा नको, दूध नको, पूजेचा माझा श्लोकही नको. वाट तेवढी मोकळी ठेवायची.

संध्याकाळी, धामण असली तर निघून जावी म्हणून, अण्णांनी त्याच काठीनं खड्ड्याची कड हलकेच ठोकली, आत डोकावून पाय सोडले आणि लुगडं पुढं सरकलं.

अशी पाहुणी तुमच्याकडे आली, तर काठी कशाला वापराल?