परभणी कसं लागतं
आता मी शिकवते त्या कॉलेजच्या लॅबमध्ये सोल्डरिंगचा धूर नाकात गेला, की नारायणगुड्यातली आमची बैठकीची खोली आठवते. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. गावाकडून मामा आले होते आणि आईच्या जुन्या रेडिओचा काटा हळूहळू फिरवत होते. खरखरीतून परभणी स्टेशनच्या मराठी बातम्या स्पष्ट झाल्या, तसं त्यांनी मला विचारलं, “हवेत इतकी स्टेशनं असतात, मग त्यातलं नेमकं परभणीच कसं लागतं गं?” आई ओले हात पदराला पुसत मोठ्या अभिमानाने बाहेर आली. परीक्षेत याच प्रश्नाचं उत्तर मी आकृतीसकट लिहिलं होतं. मी सुरुवात केली, “मामा, त्यात लोकल ऑसिलेटर असतो, मिक्सर असतो, मग इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी...” आणि पुढे मराठीत एक वाक्य जुळेना. मामा माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. शेवटी आईच म्हणाली, “जाऊ दे दादा, लई मोठं शिक्षण आहे ते, आपल्याला नाही समजायचं.” माझं अज्ञान तिने स्वतःवर घेतलं, आणि मी मान खाली घालून ते घेऊ दिलं. मामा आता नाहीत. परवा आईला सांगितलं, की काटा फिरवू तशी रेडिओ आत स्वतःची एक लहर बनवतो, ती स्टेशनच्या लहरीत मिसळतो. स्टेशन कुठलंही असो, दोन्हींच्या कंपनांमधला फरक तो कायम सारखाच ठेवतो, आणि त्या फरकाचीच लहर वाढवून आवाज काढतो; बाकीच्या स्टेशनांचा फरक वेगळा पडतो, म्हणून ती गाळली जातात. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “हौ? इतकंच? हे तर दादालाही समजलं असतं.”