दाताखालचा दाणा

मी सातवीतून शाळा सोडली. पुढची शाळा लांब होती आणि घरी कापूस वेचायला हात कमी पडत होते, एवढंच कारण. जालन्याकडची मी. वेल्हे तालुक्यात आले ती नवऱ्याच्या मागून. त्याला इकडं कोंबड्यांच्या टेम्पोवर काम मिळालं होतं. गुंजवणी नदीच्या काठच्या या गावात आमचं कुणीच नव्हतं.

एका आजींनी त्यांच्या घरामागची खोली आम्हाला राहायला दिली. आमचं सामान यायला आठवडा लागला, तोवर दोन्ही वेळचं त्यांच्याकडूनच आलं. ज्वारीची भाकरी थापणारे माझे हात. तांदळाच्या पिठाची उकड काढावी लागते, हेही त्यांनीच शिकवलं. माझी पहिली भाकरी बघून म्हणाल्या, "ही भाकर हाय का जालन्याचा नकाशा?" मी रडकुंडीला आले, तर त्यांनी तीच आधी खाल्ली.

हे सगळं सांगते, कारण पुढं जे झालं ते यातूनच झालं.

गावात बचत गटाची भातगिरणी आहे. गिरणी बायकांची, पण चालवायला भाटघरकडचे एक मिस्त्री होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी तिथं आधी तूस, म्हणजे भाताची फोलपटं, भरायला लागले, मग पोती लावायला, मग मामांच्या हाताखाली. इथं प्रत्येक घराचं भात वेगळं भरडतात. जो तो आपलं पोतं घेऊन नंबरला बसतो आणि आपलाच तांदूळ घरी नेतो. वर्षाचं खाणं असतं ते.

पोतं आलं की मामा आधी दोन दाणे काढून चावायचे. मलाही तेच शिकवलं. "कट् वाजलं तर वाळलंय. दाताखाली दबलं तर ओलं. ओलं घातलंस की दाणा तुटतो, निम्मी कणी." मला ते पटकन जमलं. नंतर नंतर तर गिरणीच्या आवाजावरूनही कळायचं. वाळलेलं भात असलं की गिरणी एका सुरात चालते, ओलं असलं की गुदमरते.

मामांचे गुडघे गेले होते. हा हंगाम झाला की मी थांबणार, असं त्यांनी गटाला सांगून ठेवलं. मग गिरणी कुणाच्या हातात द्यायची? बायका माझ्याकडं बघायच्या आणि मी खाली बघायची. मला ती इतकी हवी होती की तसं बोलायचीही भीती वाटायची. नवऱ्याच्या कामाचा भरवसा नव्हता. गिरणी मिळाली तर या गावात आमचे पाय रोवणार होते.

त्याच सुमारास वेल्ह्यात गटांचं एक प्रशिक्षण झालं. शहरातून आलेल्या मॅडमनी कागद वाटले. एका बाजूला लिहायचं, आपल्याला काय चांगलं येतं. दुसऱ्या बाजूला, आपण कुठं कमी पडतो. "प्रामाणिकपणे लिहा हं, हे तुमच्या कामात पुढं जायला उपयोगी पडेल." दुसऱ्या बाजूला मी लिहिलं, 'शिक्षण सातवी'. बाकी काही सुचलं नाही. खरंच वाटत होतं की माझ्यात काय कमी आहे ते तेवढंच.

नंतर आठवड्याभरात आजी भात घेऊन आल्या. सहा पोती इंद्रायणी. त्यातलं निम्मं भोरला दिलेल्या लेकीकडं जायचं होतं. मामा चहाला गेले होते. मी दाणे काढले, चावले. दबले.

आजी म्हणाल्या, "घाल की गं. टेम्पोवाला थांबलाय, लई कुरकुर करतोय."

मला कळलं होतं. अगदी स्पष्ट कळलं होतं. भात रात्री अंगणात उघडं राहिलं असणार, दंव लागलं असणार. पण समोर आजी होत्या. त्यांची खोली, त्यांची भाकरी. मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "घालते की."

दुसऱ्या पोत्याला गिरणीचा आवाज बदलला. तरी मी थांबवली नाही. आता थांबवलं तर आधीच का नाही सांगितलं, असं होईल म्हणून. सहाही पोती गेली. खाली पडला तो तांदूळ कमी आणि कणीच जास्त.

आजींनी मूठभर उचलून बघितली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या एवढंच म्हणाल्या, "राहू दे. मला कुठं दात हायत? म्हातारीला कणीच बरी." लेकीकडं पाठवायचं राहिलंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामा आले. मी घाईनं म्हणाले, "मामा, रोलचं रबर झिजलं असेल, म्हणून कणी पडली."

त्यांनी झाकण उघडलं. रोलचं रबर आठवड्यापूर्वी आम्ही दोघांनीच बदललेलं. काळं, नवं. त्यांनी झाकण लावलं.

"चावलं हुतंस?"

"हो."

"कळलं नव्हतं?"

खोटं बोलायला तेवढी एकच जागा उरली होती. 'नाही कळलं' म्हटलं असतं तर, अजून शिकतेय, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं असतं. पण सगळ्या गिरणीत मला जे एक नीट येत होतं, तेच मग मी नाकारलं असतं.

"कळलं होतं मामा," मी म्हणाले. "पण मला आजींना नाही म्हणता येईना."

"आजीलाच का?"

मी विचार केला. टेम्पोचं काम लागलं तेव्हापासून या गावात कुणालाच मी नाही म्हटलं नव्हतं. दुसऱ्याची पोती उचल, हो. सुट्टीत ये, हो. मला वाटायचं, हे आभार आहेत. पण निम्मी तरी ती भीती होती, की नाही म्हटलं तर ही माणसं म्हणतील, जा बाई आपल्या जालन्याला.

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

मामा हसले. "माझंबी तसंच हुतं. मग म्या एक युक्ती काढली. दाणा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, तुमीच चावा म्हणायचं. त्याचा दातच त्याला सांगतो."

पंधरा दिवसांनी आजी घरी राहिलेली दोन पोती घेऊन आल्या. मामा त्या दिवशी भोरला गिरणीचा पट्टा आणायला गेले होते. नंबरला पाच-सहा बायका बसलेल्या. मी दाणे चावले. पुन्हा दबले. मी दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. "आजी, तुम्हीच चावून बघा."

आजींनी तोंड उघडून दाखवलं. "कशानं चावू? हिरड्यांनी?"

सगळ्या बायका हसल्या. मामांची युक्ती तिथंच संपली. आता माझं तोंड तेवढं उरलं होतं.

"ओलं आहे, आजी. आज नाही घालणार."

"अगं, मागच्या खेपेला घातलंस की!"

"तेव्हा चुकले."

"म्या तुला खोली दिली, आन् तू मला माघारी धाडतीस?"

हेच ते वाक्य. इथं आल्यापासून चार वर्षं मी ज्याला भ्याले, ते हेच. मी पोत्याचं तोंड परत बांधलं. म्हणाले, "खोली परत घ्या पाहिजे तर. पण ओलं नाही घालणार."

हसणं थांबलं.  आजी पोत्यावर बसत म्हणाल्या, "बया! ज्वारीवालीला तोंड फुटलं की गं." आणि थोड्या वेळानं, "ताडपत्री कुठाय तुमची? का तीबी न्हाई म्हणतीस?"

आम्ही दोघींनी गिरणीपुढं भात पसरलं. दोन दिवस आजी स्वतः पाय फिरवून ते हलवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी दाणा कट् वाजला. तांदूळ अख्खा पडला आणि त्यातलं एक पोतं भोरला गेलं. खोली काही त्यांनी परत मागितली नाही.

हंगामाच्या शेवटी गटाची बैठक झाली. अध्यक्षबाईंनी विचारलं, "जमंल का गं तुला गिरणी?"

सवयीनं 'हो' जिभेवर आलंच होतं. मी थांबले. म्हणाले, "ओलं-वाळलं मला कळतं. रोल बदलता येतो. मोटार बिघडली तर मला काही कळत नाही, त्याला माणूस लागेल. आणि नाही म्हणायला मला जरा वेळ लागतो, तेवढा द्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "वेळ घे बाई, पण म्हण."

गिरणी माझ्याकडं एका हंगामापुरती आली. मोटारीचं काम निघालं तर मामा एसटीनं येतील, असं ठरलं. पुढंही ती माझ्याकडंच राहिली, आता दुसरा हंगाम चालू आहे. अजूनही दाणा चावल्यावर मी समोरच्या माणसाकडं लगेच बघत नाही. आधी दाताखाली काय झालं ते स्वतःशी कबूल करते, मग मान वर करते.

परवा आजी आल्या. पोतं उतरवायच्या आधीच त्यांनी काखेतली ताडपत्री खाली टाकली. "हं, चाव," म्हणाल्या. "पसरायचं का जायचं घरला, ते एकदाचं सांग."

मी दोन दाणे घेतले.