काय ऐकलं, सांग

आमचं शेवटचं बोलणं दवाखान्यात झालं, आणि त्याला बोलणं म्हणावं का, हाच माझा प्रश्न आहे. दिवस मावळायला आला होता. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "अहो, मी घरी जाऊन येते. सकाळी साक्रीहून रघू येतोय, तुम्हाला भेटायला." रघू माझा धाकटा भाऊ. नाना डोळे मिटून पडले होते. म्हणाले, "हं." मी थोडी रेंगाळले, पुढचं काही येईल म्हणून... नर्सबाई म्हणाल्या, "आजी, झोपू द्या त्यांना." मुलगा तिथे थांबणार होता, मी निघाले. उजाडायच्या आत त्याचा फोन आला. तो नुसता "आई..." म्हणाला आणि मी म्हटलं, "कळलं."

आता तुम्ही म्हणाल, आजारी माणसाने "हं" म्हटलं यात काय एवढं? पण ज्या माणसाने जन्मभर कुणाचं "हं" चालवून घेतलं नाही, त्याने जाताना माझ्या हातावर तेवढंच ठेवावं! महिना होत आला, मला तो "हं" गिळता येत नाही आणि टाकताही येत नाही. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हाची गोष्ट. जळगावला आमच्या घरी ओटीवर मंडळी बसलेली, पोहे झाले, आणि नवऱ्या मुलाने थेट मलाच विचारलं, "मी धुळ्याला वीज खात्यात आहे. ड्यूटी कधीही असते, दिवाळीलाही. चालेल का?" मी खाली मान घालून "हो" म्हटलं. तर हे म्हणतात, "काय ऐकलं, सांगा." वडिलांनी कप खाली ठेवला. मलाही राग आला. मी मान वर करून म्हटलं, "तुम्ही धुळ्याला असता, सणाला घरी नसाल, आणि प्रश्न फार विचारता." ते म्हणाले, "तिसरं मी बोललो नव्हतो, पण बरोबर ऐकलंत." जमलं तिथेच. त्यांना सगळं सबस्टेशन नाना म्हणायचं, म्हणून इथे मीही नाना म्हणते. तोंडावर मात्र "अहो"च्या पुढे कधी गेले नाही.

ही सवय त्यांना लागली ती एका शब्दामुळे. लग्नाच्या आदल्या वर्षी एक नवे साहेब आले होते. माणूस चांगला, पण पुस्तक इंग्रजी आणि तोंड मराठी. इंग्रजीत तारेचा जोड 'बंद' केला की वीज वाहते आणि 'उघडला' की थांबते. साहेब फोनवर तसंच्या तसं मराठी करून सांगायचे, "स्विच उघडा." आपल्याकडे नळ उघडला की पाणी येतं! ऐकणाऱ्याने उघडा म्हणजे सोडा असं धरलं आणि ज्या तारेवर माणसं चढणार होती तिच्यात वीज सोडली. माणसं अजून खाली बिड्या ओढत होती म्हणून वाचली. नानांनी त्या दिवसापासून "उघडा" आणि "बंद" हे दोन्ही शब्द ड्यूटीवर बोलायचे सोडले. चालू केली, नाहीतर तोडली, एवढंच. घरात मी म्हणायची, "अहो, दार बंद करा, की तोडता?" हसायचे, पण शब्द काही बदलायचे नाहीत.

मग त्यांनी पत्र्याची एक पाटी करून घेतली आणि ड्यूटीच्या खोलीत टेलिफोनच्या वर ठोकली. अक्षरं रशीद पेंटरची, एरवी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तारेवरच्या टोळीचा काम झाल्याचा फोन आला की ड्यूटीवरच्या ऑपरेटरने त्या पाटीवरचे प्रश्न वरून खाली विचारत जायचे. कोण बोलतंय, गेले कोण आणि खाली उतरले कोण ते नावाने सांगा, तारेला लावलेली, वीज जमिनीत उतरवणारी साखळी काढली का, मी काय विचारलं ते परत सांगा. एकाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही, आणि सगळी आल्याशिवाय वीज नाही. सगळ्यात खाली लाल रंगात लिहिलं होतं, "उत्तर येईपर्यंत थांबा." रशीदभाई रंगवताना म्हणाले म्हणे, "नाना, हे तर माझ्या उधारीवाल्यांसाठी लिहायला पाहिजे." सुरुवातीला सगळ्यांनी थट्टा केली. नाना ड्यूटीवर असले की लाइनमन म्हणायचे, आज तोंडी परीक्षा आहे.

रघू तेव्हा नुकताच लाइनमन झाला होता. एका दुपारी वादळाने साक्रीकडची तार पडली, आणि त्याची टोळी तिकडे गेली. मी क्वार्टरमधून नानांचा डबा घेऊन आले होते. वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, म्हणून गरम असतानाच नेला. दारात उभी राहिले तोच फोन वाजला. कुठल्याशा खेड्यातून टोळीतला एकजण सगळं झालं म्हणून ओरडत होता, माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. "नाना, बठ्ठं व्हई गय! सोडा लाइट!" नानांनी विचारलं, "रघू खाली आहे का?" "हाव, हाव!" "काय ऐकलं, सांग." पलीकडून आवाज आला, "काहीच ऐकू ई नही ऱ्हायनं!" आणि फोन तुटला.

मग त्या खोलीत जे सुरू झालं! गिरण्या थांबलेल्या, दुसरा फोन सारखा वाजतोय, ड्यूटीवरचे साहेब लाल झालेले. "अहो, हो म्हणाला ना तो? मग चालू करा!" नाना म्हणाले, "हो तर म्हणाला, साहेब. कुठल्या प्रश्नाला म्हणाला?" साहेब म्हणाले, तुमच्यावर वर लिहून पाठवतो. नाना म्हणाले, "पाठवा." आणि खुर्चीत बसून राहिले, टेलिफोनकडे बघत. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी डबा छातीशी धरून उभी. तारेवर माझ्या आईचा एकुलता एक मुलगा, आणि त्याच्या आणि विजेच्या मध्ये हा एक हट्टी माणूस... रोज ज्याच्या हट्टाला मी नावं ठेवायची, त्याच्यासाठी त्या दिवशी मी देवाला म्हणत होते, याला आणखी हट्टी कर.

फोन परत वाजला तेव्हा रघूच होता. त्याने सगळ्यांची नावं घेतली, साखळी काढल्याचं सांगितलं, विचारलेलं परत म्हणून दाखवलं, आणि मग म्हणाला, "नाना, माझी पकड वरच राहिली होती, ती आणायला परत चढलो होतो." नाना एवढंच म्हणाले, "बरं. तोंडाने सांगितलंस ते बरं केलंस." वीज चालू केली. जेवायला बसले तर त्यांना भाकरीचा तुकडा मोडता येईना. मी मोडून दिला. त्यानंतर थट्टा कुणी केली नाही, आणि साहेबांनीही काही लिहून पाठवलं नाही.

रिटायर झाल्यावर आम्ही जळगावला आलो. धुळ्याची ती खोली नव्याने बांधली तेव्हा पाटी भंगारात निघाली होती. नानांनी ती घरी आणून बाहेरच्या दाराशी लावली. मानसी, आमची नात, पुण्याला कॉम्प्युटरवर काम करते. गेल्या दिवाळीत ती त्यांना समजावत होती, "आजोबा, मी स्क्रिप्ट लिहिते. म्हणजे मशीनला एकाखाली एक हुकूम. ते आपोआप पाळत जातं. पण जुनं काही पुसायची वेळ आली की मध्येच थांबतं आणि समोरच्या ऑपरेटरला विचारतं, पुढे जाऊ का?" नाना खूश. म्हणाले, "शहाणं आहे. आणि त्याने उत्तरच दिलं नाही तर?" मानसी म्हणाली, "थोडा वेळ वाट बघतं, मग हो धरून पुढे जातं." नाना खुर्चीतून उठलेच. "हो कसं धरतं? बदल ते! समोरचा गप्प असला तर माणूस अजून वर आहे, असंच धरायचं. घाई करायची नाही." तिने खरंच बदललं. दिवसकार्याला आली तेव्हा सांगत होती, "आजी, आता माझी स्क्रिप्ट उत्तर येईपर्यंत थांबूनच राहते. नुसतं 'हो'ही घेत नाही, काय पुसायचं त्याचं पूर्ण नाव लिहायला लावते. ऑफिसातले वैतागलेत." मी म्हटलं, त्यांना सांग, मी जन्मभर वैतागले होते, आणि ते वैतागणं आता मला कुठून आणू?

रघू त्या सकाळी आला. पहिल्या एसटीने आला, गुडघे धरत धरत. त्याला दारातच कळलं. पाटीखाली बसला आणि म्हणाला, "अक्का, मी येणार हे नानांना कळलं होतं का?" मी म्हटलं, "हो." तो नानांच्याच हाताखाली तयार झालेला. डोळे पुसत त्याने विचारलं, "काय म्हणाले?"

"हं" म्हणाले, हे कसं सांगू? त्यांनी ऐकलं असेल तर रघूचं नाव घेऊन गेले. नसेल ऐकलं तर... मला तेवढंच हवंय हो. एकदाच परत म्हणून दाखवायचं होतं त्यांनी, साक्रीहून रघू येतोय म्हणून.

बाजारात जाताना मी दाराशी थांबून सांगायची, मेथी आणते, लिंबं आणते, तासाभरात येते. ते आतून ते सगळं परत म्हणायचे, आणि मी "पुरे झालं" म्हणत निघायची. अजूनही सांगते. मेथी, लिंबं, तासाभरात येते. चपला घालून पाटीखाली उभी राहते. आतून काही येत नाही. म्हणजे त्यांच्याच नियमाने, माणूस अजून वर आहे. मी पिशवी हातात धरून आणखी थोडी थांबते.