नांदेडच्या डॉक्टर, इस्लापूरचा गोठा

"हा आळस नाही, डिप्रेशन आहे. म्हणजे मनाचा आजार. आणि तो बरा होतो," डॉक्टर मॅडम पडद्यावरून म्हणाल्या. मी तेव्हा लातूरच्या बालगृहात होते. सोळाव्या वर्षी लातूरकडंच नेऊन माझं लग्न लावत होते; बालकल्याण समितीनं ते थांबवून मला तिथं ठेवलं होतं. झोप उडाली होती, घास उतरत नव्हता. सगळे म्हणायचे, पोरगी माजली. आजाराला नाव मिळालं तेव्हा मला हायसं वाटलं.

मॅडम नांदेडला असायच्या. दर आठवड्याला बालगृहातले लोक मला टॅबवर त्यांचा कॉल लावून द्यायचे आणि काळजीवाहिका बाई दाराबाहेर बसायच्या. गोळ्या सुरू झाल्या. जोडीला काउन्सेलिंग, म्हणजे भीती दाटून आली की काय करायचं याचा सराव. हळूहळू जेवण गोड लागू लागलं.

मग मला घरी, किनवटकडं इस्लापूरला पाठवलं. आता मॅडम सुटणार, या धास्तीनं मी रडले. त्या म्हणाल्या, फोन आहे की.

पण आमच्याकडं व्हिडिओ कॉल एकट्याचा नसतो. पहिल्याच कॉलला आजी, दोन्ही काकू, शेजारच्या सखुबाई पदर सावरून हजर. सखुबाईंनी तर आपला गुडघाच कॅमेऱ्यापुढं धरला. मॅडमनी तोही शांतपणे पाहिला. मी एवढंच बोलले, बरी हाय. त्या आठवड्यात झोप पुन्हा गेली.

पुढच्या वेळी आईनं मला शेळ्यांच्या गोठ्यात बसवलं आणि स्वतः बाहेर उभी राहिली. कुणी डोकावलं की म्हणायची, "डॉक्टर तिची हाय, गावाची न्हाई."

मॅडमनी विचारलं, कशाची भीती वाटते? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आईला सांगशील? मी इथंच आहे."

मी आईला आत बोलावलं. "माय, परत लग्नाचं काढलं तर मी जगायची न्हाई."

आई माझ्याशेजारी येऊन बसली. मग फोनकडं बघत म्हणाली, "मॅडम, ही शिकल तवर न्हाई काढत. तुमच्यापुढं सांगून राहिले."

बालगृहातून घरी परतलेल्या मुलींनो, डॉक्टर मागा, आणि बोलायला आडोसाही मागा. पहिल्यांदा बोलता नाही आलं तर दुसऱ्यांदा बोला. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या गोळ्या आता कमी झाल्यात, बारावी चालू आहे.

परवा एक स्थळ आलं होतं. आईनं त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं. चहा काही ठेवला नाही.