डिझेल उतरलेली विहीर

ती विहीर आठवली की आजही मला हसू येतं. नोकरीची शेवटची वर्षं होती. जोयडा तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रमुख होतो.

एका सकाळी कुंभारवाड्याकडच्या वाडीतला एक तरुण शेतकरी आला आणि त्यानं पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. "साहेब, वास घेऊन बघा."

डिझेलचा वास होता.

"आमच्या हिरीचं पाणी हाय. काकानं वतलंय. पुढच्या आठवड्यात भनीचं लगीन, नेमकं आत्ताच!"

काका म्हणजे त्याच्या वडिलांचा थोरला भाऊ. घरं शेजारी, मध्ये बांधाचा वाद. वडील वारल्यापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. तक्रार नोंदवली, हवालदाराला घेतलं आणि वाडी गाठली. आधी त्या विहिरीचं पाणी कुणी भरू नये अशी ताकीद दिली.

"उकळून घेतलं तर चालंल न्हवं?" तरुणाच्या आईनं विचारलं.

मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, उकळून जंतू मरतात, डिझेल जात नाही. ब्लीचिंग पावडरनंही नाही.

मग काकांचा जबाब घ्यायला बसलो. साठीचा, ताठ मानेचा माणूस. "मी न्हाई," यापुढे एक शब्द बोलेना. आवाज चढवला तरी तेच. संशयित गप्प बसला की मी घरच्यांचे चेहरे बघत असे. त्यांची बायको दारात पदराचं टोक चावत उभी होती.

"बाई, तुमच्याकडं पाणी कुठलं?"

"आमच्याच हिरीचं."

मी परसात जाऊन डोकावलो. त्यांच्या विहिरीत नुसता कातळ दिसत होता. परत आलो तर बाई रडायलाच लागल्या.

"साहेब, उन्हाळ्यात मी पहाटे जाऊबाईच्या हिरीचंच पाणी आणते. चोरून. ह्यांना सांगते, पहाटे आपल्याच हिरीत घागरभर साचतं. आमी सगळी तेच पितो. त्यात आमीच कसं वतू?"

काका बायकोकडे बघतच राहिले. "म्हंजे इतकी वर्सं मी तिच्या हिरीचं पितोय?"

हवालदारानं हसू लपवायला तोंड फिरवलं. तेवढ्यात तरुणाची आई तरातरा ओसरीवर आली. आता भांडण जुंपणार म्हणून मी मध्ये सरकलो.

"अक्का," ती जावेला म्हणाली, "मला काय ठावं न्हाई व्हय? तुझ्यासाठीच मी दोर हिरीवर ठेवते. पर चोरून कशाला? दारातनं येत जा की!"

दोघी गळ्यात पडून रडल्या आणि मग हसल्या.

संशयित सुटला, गुन्हा मात्र उरला. तरुणाच्या विहिरीत वाकून पाहिलं तर टेकडीकडच्या अंगानं पाणी पाझरत होतं आणि तिथंच तेलकट तवंग होता. आम्ही टेकडी चढलो. काकाही आले, पुतण्याच्या पुढे. वर रस्त्याच्या कामाची यंत्रं उभी होती. मागे एक खड्डा, जळक्या तेलानं आणि डिझेलनं काळा झालेला.

"खड्डा विहिरीपासून किती लांब आहे, साहेब!" मुकादम म्हणाला.

मी बाटली पुढे केली. "मग एक घोट घ्या."

त्यानं वास घेतला आणि मान खाली घातली. यंत्रं धुतलेलं डिझेल, जुनं तेल, सगळं तिथंच ओतत होते, जुनं तेल घेणाऱ्याकडे नेऊन द्यायचा त्रास नको म्हणून. जांभ्या दगडातून ते खाली झिरपलं होतं. पंचनामा झाला, नमुने तपासणीला गेले, गुन्हा दाखल झाला. रस्त्याच्या ठेकेदारानं यंत्रांचा तळ हलवला, तेल प्यालेली माती खणून काढली, विहीर पुन्हा पुन्हा उपसली. पाणी स्वच्छ असल्याचा अहवाल येईपर्यंत दोन्ही घरांना त्याचाच टँकर येत होता.

लग्न टँकरच्या पाण्यावर झालं. वडिलांच्या जागी काका उभे राहिले आणि जावा पंगतीत वाढत होत्या. मला तर दोघींनी मिळून इतकं वाढलं की उठवेना.

उरलेल्या नोकरीत मी कुठल्याही गावी गेलो की गॅरेजं विहिरींच्या वरच्या अंगाला आहेत का, ते आधी बघत असे. जमिनीत ओतलेलं कुणाच्या तरी घागरीत उतरतंच. आणि अबोला धरलेल्या दोन घरांत वैर शोधण्याआधी मी त्यांच्यातली पायवाट शोधायला लागलो. बहुतेक वेळा ती सापडायची.