मथीकाकीचं पाणी

सूर्यमाळला वैशाखात कावळासुद्धा घरून पाणी घेऊन निघतो. मी मोखाड्याचा जीपवाला. माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करा, उरेल तेही कोरडंच असेल. अशा त्या पाड्यावर मथीकाकी पाहुण्याला आधी विचारायची, "कुठलं पानी चालतं तुला?" जणू हिने घरात पाच नद्या अडवून ठेवल्यात. असायचा एकच हंडा, विहिरीच्या तळाचा, गढूळ. मी चिडवलं की म्हणायची, "हस गप्पाड्या. पन इचारल्याशिवाय कोनाला पाजू नये."

हे तिला एका दगडाने शिकवलं.

एका वर्षी मी पाड्यावरची माणसं कोकणात एका बंदराच्या धक्क्याच्या कामावर नेली होती. धक्क्याखाली येणारी प्रवाळं ओहोटीला उचलायची आणि लांबच्या खडकावर नेऊन बसवायची. त्यातलं एक फार दुर्मीळ, त्या किनाऱ्यावर तेवढंच उरलेलं. दिसायला फणसाएवढा खडबडीत दगड; पण कामावरच्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, हे जिवंत आहे, यात हजारो इवले जीव राहतात. काकीने ते ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलं, भाताच्या आवणीची रोपं घ्यावीत तसं.

"ओलं ठेवा," एवढं सांगून बाई होडी बघायला गेल्या. ऊन असं, की खेकडे डोक्यावर शिंपले धरून पळत होते. गोणपाट सुकलं. काकीने सकाळपासून घोटही न घेता राखलेली बाटली उघडली आणि सगळी त्याच्यावर रिती केली. समुद्र हाकेच्या अंतरावर होता. पण तहानलेल्याला खारं पाणी द्यावं, हे तिच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नसतं.

काही दिवसांत ते प्रवाळ पांढरंफटक पडलं. गोड्या पाण्याने त्यातले जीव मरतात, बाईंनी हळू आवाजात सांगितलं. रागावल्या नाहीत, त्यानेच काकी खचली.

"मी माझ्या तोंडचं दिलं होतं," एवढंच ती बोलली. परतताना घाट संपेपर्यंत ती रिकामी बाटली मांडीवर धरून बसली. त्या घाटात मी एकही थाप मारली नाही, यावर मोखाड्यात अजून कुणाचा विश्वास नाही.

गेल्या उन्हाळ्यात काकी गेली. शेवटच्या घटकेला जावयाने शहरातून बंद बाटली आणली, कुणी गंगेचं पाणी आणलं. ती ओठ उघडेना. लेक चमचा धरून रडत होती. मी कानाशी वाकलो.

"काकी, कुठलं पानी?"

तिने हंड्याकडे पाहिलं. तळाशी थोडं उरलं होतं, मातकट. तेच दिलं. काकीने ते गिळलं.