दोन्या रेमिखियाची गार भट्टी

कापिआरी गावात कुजबुज होती, की नगरसेविका दोन्या रेमिखियाने देव सोडला, ती कम्युनिस्ट झाली. पुरावा? ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी तिची अंगणातली घुमटाकार मातीची भट्टी पेटली नाही. शुक्रवारी विस्तव करायचा नाही, म्हणून बुधवारीच घरोघर चिपा, म्हणजे चीज घातलेल्या पावरोट्या, भाजतात. त्या दिवशी अख्खं पराग्वे धुरात खोकतं. आणि ही बाई एरवी चर्चमध्ये मिस्साला पहिल्या बाकावर! गावात विरोधी पक्षाची ती एकटीच. परदेशी पाहुण्यांना दाखवायला देशाच्या हुकूमशहा जनरलसाहेबांना थोडे विरोधक लागत, म्हणून शिल्लक राहिलेली.

त्या बुधवारी फौजदार देसिदेरियो शिपाई घेऊन तिच्या अंगणात आला. बाप्तिस्म्याच्या नात्याने तिचा धर्मपुत्र आनिबाल संपाची पत्रकं वाटून फरारी होता. सापडला असता तर पुन्हा दिसला नसता; तसे नेलेले कुणी परत आले नव्हते.

शिपाई खाटा उलथत होते. रेमिखियाने फौजदाराला शिंगाच्या पेल्यात तेरेरे, म्हणजे पाल्याचा गार चहा, दिलं. 

"दोन्या, बाईसाहेब, गावभर धूर, आणि तुमची भट्टी गार?"

"बायकोला विचार तुझ्या. गेल्या वर्षी माझ्या चिपांना दगड म्हणाली. आता पाठव म्हणावं तुझ्या हातच्या."

"ती मलाही दगडच म्हणते!" फौजदार खिदळला, पण नजर भट्टीवरच.

तेवढ्यात एक शिपाई ओठात सिगारेट धरून, वारा लागू नये म्हणून काडी पेटवायला भट्टीच्या तोंडाकडे निघाला.

रेमिखिया ताडकन उठली. "खरं ऐकायचंय, देसिदेरियो? तुझ्यासारख्यांना जो सांभाळतो त्या देवासाठी मी चिपा भाजणार नाही. यंदा नाही, कधीच नाही!"

शिपाई जागीच थिजला. फौजदाराने छातीवर क्रूसाची खूण केली. मग त्याचे डोळे चमकले. आमच्या गावात चोर पकडण्यापेक्षा ताजी बातमी पहिल्यांदा सांगण्याचा मान मोठा. त्याने पेला परत करत "आभार" म्हटलं, म्हणजे आता पुरे. "चला रे! असल्या घरात थांबायचं नाही."

जेवणाआधी फादरना कळलं. ईस्टरला प्रवचन तिच्यावरच, फक्त नाव तेवढं घेतलं नाही. पहिल्या बाकावर तिच्या शेजारी कुणी बसेना. पुढच्या निवडणुकीत ती पडली. आनिबालची आई गावातच, फौजदाराच्या हाताशी राहत होती, म्हणून रेमिखियाने कुणालाच काही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी गाव मिरवणुकीत असताना आनिबाल सरहद्दीच्या नदीपलीकडे गेला. तोवर तो भट्टीत बसून होता. म्हणून ती पेटली नाही.